ओवी धरायची कुणी

महिन्याचा शेवटचा रविवार आला की माझं घरात लक्ष लागत नाही. नवरा म्हणतो, तुझ्या अंगात आलंय. येऊ दे. दुपारचा चहा घशाखाली ढकलून मी उस्मानपुऱ्यातल्या एका कोचिंग क्लासचा जिना चढते. आठवडाभर तिथं बारावीची मुलं गणितं सोडवत बसलेली असतात. रविवारी आम्ही बाकं एकावर एक रचून भिंतीला लावतो, सतरंज्या अंथरतो, रस्त्याकडच्या खिडक्या घट्ट लावून घेतो आणि संध्याकाळी तिथं गाणं होतं. बिनमाईकचं. गळ्यातून निघालं की थेट कानात, मध्ये वायर नाही, बटण नाही, 'हॅलो चेक' नाही. या शहरात याच्याएवढी चैन दुसरी कुठली असेल तर मला माहीत नाही.

क्लास सरांचा आहे. सर गणित शिकवतात आणि सतार वाजवतात, आणि दोन्हीकडे सारखेच कडक आहेत. सुरुवात झाली ती आमच्या कॉलनीच्या गणपतीत. सरांची सतार चालू असताना लाईट गेली. स्पीकर बंद पडला आणि लोकांना पहिल्यांदाच सतार ऐकू आली. तोवर नुसता खणखणाट ऐकू येत होता. त्या अंधारात सगळे सरकत सरकत पुढे आले, म्हाताऱ्या बायका तर स्टेजच्या कडेला हनुवटी टेकून बसल्या. लाईट परत आली तेव्हा मीच ओरडले, "ती आधी बंद करा!" सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या क्षणी आमचं जमलं. तेव्हापासून ते हॉल देतात आणि मी माणसं गोळा करते.

आणि काय काय माणसं मिळाली म्हणून सांगू! फ्रिज दुरुस्त करणारा एक जण बुलबुलतरंग घेऊन आला आणि त्यानं अशी काही बोटं फिरवली की पुढच्या महिन्यात बसायला जागा पुरेना. एका बँकेतल्या बाईंनी तानपुरा लावून भजनं म्हटली. क्लासच्या खाली एका खालांचं शिलाईचं दुकान आहे. त्या पहिल्या दिवशी "ऊपर क्या धूमधाम है" म्हणून भांडायला आल्या आणि गाणं संपेपर्यंत दारातच बसल्या. आता पहिल्या रांगेतली डावीकडची जागा त्यांचीच. त्यांच्याआधी तिथं कुणी बसलं तर त्या काही बोलत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात. माणूस आपोआप उठतो.

फळ्यावर सरांच्या सुंदर अक्षरात आमचे नियम असतात: मोबाईल बंद, पंखे बंद, तोंड बंद. पहिले दोन सरांचे, तिसरा माझा. माईक नसला की शांतता हेच भांडवल, हे मी लोकांच्या डोक्यात ठासून भरलंय. टाळी शेवटी. 'वा वा' मनातल्या मनात. खोकला आला तर जिन्यात. कुणी कुजबुजलं की मी अशी काही बघते की त्याचा शब्द ओठातच राहतो. मे महिन्यात पंखे बंद करून घामाच्या धारांत माणसं पुतळ्यासारखी बसायची, आणि मला त्याचा केवढा अभिमान! खाला मला 'खामोश मॅडम' म्हणतात. म्हणोत. चांगल्या कामाला वाईट नाव पडतंच.

तर एका रविवारी सतरंज्या गुंडाळताना सर म्हणाले, "तुमचे वडील धनगरी ओव्या म्हणतात ना? त्यांना का नाही आणत?"

मी गुंडाळलेली सतरंजी पुन्हा उलगडली. माझा हात असा उलटा चालला म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे सरांना एव्हाना कळत होतं.

आमचं गाव पाचोडच्या पुढं, आत. आबा म्हणजे माझे वडील. जन्म मेंढरांमागं गेला. आता मेंढरं नावापुरती, थोडी कपाशी, आणि भाऊ चितेगावला कंपनीत. पण ओव्यांसाठी आबांना पंचक्रोशीत मान. धनगरी ओवी एकट्याची नसते. एक जण ओळ टाकतो आणि दुसरा त्या ओळीचं शेपूट धरून ती पुन्हा उचलतो, तेवढ्यात पहिल्यानं दम घ्यायचा आणि पुढची ओळ जुळवायची. त्याला आमच्याकडं 'धरणं' म्हणतात. धरणारा नसला तर म्हणणारा दोन ओव्यांत थकतो. आबांची ओवी धरायचे काका. सख्खे नव्हेत, आबांचे चुलतभाऊ. दोघं पोरवयापासून एका कळपामागं हिंडलेले. आबांची ओळ संपायच्या आधीच काकांच्या ओठांवर ती आलेली असायची. लहानपणी मला वाटायचं की एकाच माणसाला दोन गळे आहेत.

मग काकांच्या घशाचा आजार निघाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. साफ गेला. गळ्याला पांढरं फडकं आणि बोलायला दोन हात, एवढंच उरलं. त्या दिवसापासून आबांनी ओवी म्हटली नव्हती. जत्रेला बोलावणी आली, गावातले चांगले चांगले गळे 'आम्ही धरतो' म्हणाले. आबांचं एकच उत्तर: "तो जित्ता असताना त्याच्या जागंवर दुसरा बसवू? त्याच्या देखत?" लोक म्हणायचे म्हातारा हट्टी आहे. हट्टी आहेच, पण मला वेगळीच भीती होती. आबांचं वय उताराला लागलेलं, ओव्या सगळ्या डोक्यात, आणि असंच चाललं तर त्या तोंडून पुन्हा एक ओळही निघणार नाही. काकांना तर याचं दुहेरी दुखायचं. आपला आवाज गेला तो गेला, आपल्यापायी याचाही गेला, हे त्यांच्या तोंडावर दिसायचं. पारावर दोघं शेजारी बसलेले असायचे, पण एकमेकांकडं न बघता.

सरांना मी हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "ते यायचे नाहीत. विचारूही नका." आणि पुढच्या शनिवारी सकाळी मीच गाडी काढून बीड रोडला लागले. माझा स्वभावच असा, काय करता.

आबा ओसरीत घोंगडं झटकत होते. काका बाजेवर. मी आडून आडून बोलायला गेले नाही. आबांपुढं ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नसतो. सरळ म्हटलं, "आबा, शहरात म्हणायला चला. माईक नाही, भोंगा नाही. माणसं गप बसून ऐकतात."

"आन् धरील कोन? तुव्हा मास्तर?"

"कुणी धरायला नको. एकटे म्हणा. जेवढं जमंल तेवढं."

"येड लागलं का माय तुला? एका चाकावर गाडी चालती का?"

मी तोंड उघडणार एवढ्यात काका उठले. आत गेले. खुंटीवरचा ढोल घेऊन बाहेर आले, त्याच्यावरची धूळ फडक्यानं पुसली आणि ढोल आबांच्या पुढ्यात ठेवला. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, ढोलावर थाप मारली, आणि आबांच्या तोंडाकडं बोट केलं. आबांनी मान फिरवली. काकांनी पुन्हा थाप मारली. आबा म्हणाले, "नाय." काकांनी अशी जोरात मारली की बाहेर शेळ्या बिचकल्या.

"व्हय, व्हय, आयकू आलं," आबा म्हणाले. "मरस्तोवर पिच्छा सोडायचा नाय माह्या." आणि घोंगडं खांद्यावर टाकून माझ्याकडं वळून म्हणाले, "कधी हाय ते?"

मी गाडीत बसल्यावर एकटीच ओरडले. आनंदानं. पाचोडच्या बाजारात गाडी थांबवून पेढे घेतले आणि शहरात पोचेपर्यंत त्यातले निम्मे मीच खाल्ले.

ठरलं असं की काका ढोल वाजवतील आणि जिथं त्यांनी धरायचं तिथं नुसता ढोल वाजेल. धरणाऱ्याची जागा मोकळी राहील, दुसरा कुणी त्यात बसणार नाही. आबांना ते पटलं. मला तर ते फारच सुंदर वाटलं. मी सगळ्यांना सांगत सुटले. त्या रविवारी हॉल एवढा भरला की सरांनी जिन्यातही सतरंजी घातली. थंडी नुकती ओसरत होती, पंख्यांचा प्रश्न नव्हता. मी आदल्या दिवसापासून प्रत्येकाला बजावून ठेवलेलं: आज जरा जास्तच शांत बसा, म्हाताऱ्या माणसाचा गळा आहे, सुई पडली तरी ऐकू आली पाहिजे.

आबा आले ते डोक्याला लाल पटका बांधून. सरांनी लोड-तक्क्या मांडला होता, तो त्यांनी पायानं बाजूला सरकवला, आपलं घोंगडं अंथरलं आणि त्यावर बसले. शेजारी काका, मांडीपुढं ढोल. खालांनी काकांच्या गळ्याचं फडकं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ओढणी डोक्यावर घेतली. माझ्या हातातल्या बांगड्या अशा किणकिणत होत्या की मला वाटलं, आता मलाच कुणी गप्प करणार.

आबांनी कानावर हात ठेवला, देवांची नावं घेतली आणि ओळ टाकली.

*हिरव्या माळाला गा मेंढरं पांगली,*
*पान्याच्या वाटंला सांज ही झाली…*

काय आवाज होता! मधली सगळी गप्प वर्षं त्यात मुरली होती. खिडकीची काच थरथरली, देवाशप्पथ. ओळ संपली, ढोल वाजला, आणि हॉलमध्ये कुणी श्वाससुद्धा घेतला नाही. मी दाराशी उभी राहून अभिमानानं फुगले होते. दुसरी ओवी. ढोल. शांतता. तिसरी ओवी. आता आबांचा आवाज किंचित खाली आला. ढोल. शांतता. आबांनी लोकांकडं पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सगळे हात जोडल्यासारखे, ओठ मिटून, डोळे लावून बसलेले. चौथी ओवी त्यांनी अर्ध्यावर सोडली.

मग ते उठले आणि घोंगड्याची घडी घालायला लागले.

सर सतारीच्या खोळीशी चाळा करत होते. खालाच पहिल्यांदा बोलल्या, "क्या हुआ बाबा? रुक गए क्यूं? इत्ता अच्छा गा रै थे!"

"कुनासाठी म्हनू?" आबा म्हणाले. रागानं नव्हे, त्यापेक्षा वाईट, दमून. "माह्या पोरीनं सांगितलं, मानसं आयकतेत. हितं तर एक बी हुंकार नाय. वाडग्यात कोंडलेली मेंढरं बी रात्री एवढी गप नसत्यात. नको असंल तर तसं सांगावं, म्हाताऱ्याला ताटकळत ठिवू नये."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला! आमच्याकडं ओवीला लोक हुंकार देतात. 'हां', 'व्हय', 'आरं वा', काहीतरी आवाज पाहिजेच. नुसतं गप्प बसणं म्हणजे 'आवरा आता, पुरे झालं'. हे मला जन्मापासून ठाऊक, आबांच्याच मांडीवर बसून मी हुंकार द्यायला शिकले, आणि मीच शहरात येऊन पन्नाससाठ माणसांच्या तोंडाला कुलूप लावून ठेवलं होतं. आणि ती बिचारी, माझ्या धाकानं आणि आबांवरच्या आदरानं, जीव मुठीत धरून गप्प बसलेली. आबांना वाटलं नकोय. लोकांना वाटलं यालाच ऐकणं म्हणतात.

"आबा, बसा!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की सगळा हॉल दचकला. "ही माणसं गप्प आहेत ती माझ्यामुळं! यांना आवडलंय! अरे बोला ना, आता का गप्प? बोला!"

पहिल्यांदा कुणाला खरंच वाटेना. मग मागून कुणीतरी हसलं, फ्रिजवाला 'वा वा' म्हणून ओरडला, आणि धरण फुटावं तसा गलका झाला. सरांनी उठून डस्टर घेतला आणि 'तोंड बंद' पुसून टाकलं. त्यावर तर टाळ्याच पडल्या. सर लाजले. "आबा," ते म्हणाले, "म्हणा तुम्ही. आम्ही सगळे धरतो."

सर चांगल्या मनानं बोलले, पण मला चटका बसला. कारण आबांचे हात पुन्हा थांबले होते. त्यांनी काकांकडं पाहिलं. ज्या गोष्टीला त्यांनी गावाला, जत्रेला, भावकीला नाही म्हटलं, तीच गोष्ट आता एक आख्खा हॉल मागत होता, काकांच्या देखत. मी मनात म्हटलं, गेलं. आता हे घोंगडं उचलणार, गाडीत बसणार आणि यापुढं कधीही म्हणणार नाहीत.

काका उठले. ढोल गळ्यात अडकवला आणि आबांकडं पाठ करून लोकांच्या पुढं उभे राहिले. एक हात वर केला. मेंढरं पांगली की हात वर करून त्यांना एका बाजूला वळवतात, तसा. हॉल गप्प झाला. काकांनी थाप मारली आणि तोंड उघडलं. आवाज नाही. पण ओठ पूर्ण ओळ म्हणत होते, 'सांज ही झाली गा, सांज ही झाली', ठसठशीत, एकेक अक्षर. मग त्यांनी आमच्याकडं बोट केलं: हं.

आम्ही धरलं. काय दिव्य धरलं म्हणता! निम्मे आधी, निम्मे नंतर, बँकेतल्या बाई वेगळ्याच सुरात, आणि मी सगळ्यांत मोठ्यानं. काकांनी कपाळाला हात लावला. सगळे हसले, काका मात्र हसले नाहीत. पुन्हा थाप, पुन्हा ओठ. दुसऱ्यांदा जरा बरं. तिसऱ्यांदा खालांनी अशा काही खड्या आवाजात ओळ उचलून धरली की त्यांच्या मागं सगळे आपोआप सुरात आले. "हमारे यहाँ चक्की पे ऐसाच गाते थे," त्या नंतर म्हणाल्या. चौथ्यांदा ती ओळ छताला जाऊन लागली. काकांनी डोळे मिटले, मान डोलावली, आणि न वळता हात मागं करून आबांना खूण केली: टाक आता.

आणि आबांनी ओळ टाकली. उभ्या उभ्याच, घोंगडं तसंच काखेत धरून.

पुढचं मला सलग सांगताच येणार नाही. मी ऐकत नव्हते, मी त्यात होते. आबा ओळ टाकायचे, काका ओठांवर ती झेलायचे आणि आमच्याकडं भिरकवायचे, आणि आम्ही ती अशी उचलायचो की बाहेर रिक्षावाले थांबून वर बघायला लागले. खानावळीतून जेवून निघालेली पोरं जिन्यात दाटली. सर, जे टाळीसुद्धा मोजून वाजवतात, ते मांडीवर हात आपटत ओरडत होते. घाम, धूळ, पाय, हुंकार! कुणीतरी खिडक्या उघडल्या. मी उघडू दिल्या. थोड्या वेळानं काका परत आबांशेजारी, त्यांच्याकडं तोंड करून उभे राहिले आणि वाजवू लागले, कारण आम्हाला आता दाखवायची गरज नव्हती. तरी त्यांचे ओठ प्रत्येक ओळीला हलतच होते. आणि आबा एवढ्या सगळ्या माणसांत कुणाकडंच बघत नव्हते. त्यांची नजर त्या ओठांवर होती. तिथं ओळ पूर्ण झाली की मगच ते पुढची टाकायचे. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही, गाता गाता रडले.

शेवटी आबांचा घसा बसला तेव्हा थांबले. लोकांनी त्यांना घेरलं. कुणी पाया पडलं, कुणी फोटो काढले. खालांनी खालून चहा आणवला आणि आबांना बळेच बशीत ओतून दिला. आबा सगळ्यांना 'व्हय, व्हय' म्हणत होते, पण त्यांचं लक्ष दुसरीकडं होतं. गर्दी सुटल्याबरोबर त्यांनी काकांचा दंड धरला आणि दोघं जिना उतरायला लागले. मी ढोल उचलून त्यांच्यामागं.

पहिल्याच वळणावर आबा सुरू झाले. "पान्याच्या ओवीला काय झालतं रं तुला? लई मागं पडला. म्या तिकडं पुढल्या ओळीला गेलतो, आन् तू आजून पाठीमागच्यातच."

काका जिन्यात थांबले. त्यांनी रागारागानं हात हलवले: मी नाही, तू. तू घाई केलीस. बोटं नाचवून त्यांनी आबांचा घाईचा ठेकाही करून दाखवला.

"म्या? म्या घाई केली? सगळी मानसं हुती तिथं, इचार कुनाला बी!"

काकांनी छातीवर हात मारला, कानाला बोट लावलं, मला बरोबर ऐकू येतं म्हणून. आबांनी 'हॅट्' केलं. दोघं एका पायरीवर समोरासमोर उभे, तावातावानं, वरून उतरणाऱ्या माणसांना वाट न देता. मागून खालांनी माझ्या खांद्याला हात लावून हळूच विचारलं, "क्या बोल रै दोनों?"

"भांडतायत," मी म्हटलं. माझा आवाज बसलेला होता.

"बरं, ऱ्हाऊ दे," आबा शेवटी म्हणाले आणि काकांच्या गळ्यावरचं सुटलेलं फडकं त्यांनी नीट बांधलं. "पुढच्या खेपंला जरा येळेवर धर."

काकांनी मान हलवली. धरतो.